बोलावे तसे लिहावे काय ?

मागल्या चातुर्मासात परंड्यास आमचे सात दिवस निरूपण झाले. विषय नामस्मरणाचा होता. एका विद्यार्थ्याने सगळे मोबाईलवर टिपून घेतले आणि त्यातील एका दिवसाचे निरूपण जसेच्या तसे कागदावर उतरवून माझ्यापुढे आणून ठेवले. म्हणाला, "महाराज, सप्ताहाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात घालू."

मी कागद वाचले आणि खरे सांगायचे तर मला लाज वाटली. जागोजाग "बघा", "बरं का", "आता गंमत काय झाली" असे शब्द. एका जागी मी बोललो होतो : "भूक लागली की लेकरू आईला हाक मारतं. हाक मारताना ते व्याकरण बघत बसतं का?" मनात म्हटले, हे छापून आले तर विद्वान काय म्हणतील ? दहा वर्षे पाठशाळेत घासलेला माणूस असे लिहितो होय ? मग मी लेखणी घेतली आणि त्याच वाक्याचे असे केले : "क्षुधाक्रान्त बालक मातेस आर्त स्वराने संबोधित करते, तत्प्रसंगी ते शब्दशुद्धीचा विचार करीत नाही." सगळे निरूपण मी असे धुऊन, इस्त्री करून दिले. ते छापलेही गेले.

पुढे दोन महिन्यांनी सप्ताहात रोज पहिल्या रांगेला बसणाऱ्या एक मावशी भेटल्या. वय ऐंशीच्या घरात. अक्षरओळख नाही, पण हरिपाठ तोंडपाठ. मी विचारले, "मावशी, स्मरणिका मिळाली का ?" म्हणाल्या, "मिळाली की. नातवाकडून वाचून घेतली. महाराज, पुस्तकात नाव तुमचं हाय, पण बोलतंय दुसरंच कुणीतरी. भुकेल्या लेकराचं तुम्ही सांगितलं होतं, ते कुठं गेलं ? मी त्याचीच वाट बघत होते."

लेकरू तिथेच होते. पण मी त्याला असे कपडे चढवले होते की त्याच्या आजीलाही ते ओळखता आले नाही. व्याकरण न बघणाऱ्या लेकराचा दृष्टान्त मी व्याकरण बघत बसून लिहिला होता. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला : माणसाने बोलावे तसे लिहावे काय ? आणि तसे न लिहिणे हा नुसता शैलीचा दोष आहे, की त्यात काही नीतीचाही दोष आहे ? यावर जे सुचले ते आज आपणापुढे मांडतो.

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष पुरता मांडावा. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही. तेव्हा पंडितांचे म्हणणे आधी ऐकू.

पंडित म्हणतात, बोलणे निराळे आणि लिहिणे निराळे. बोलणाऱ्याजवळ आवाज आहे, हात आहेत, चेहरा आहे, टाळमृदंग आहे. वाक्य अर्धे सुटले तरी हाताच्या खुणेने ते पुरे होते. कागदाला हात नाहीत. म्हणून लिहिणाऱ्याने वाक्य घट्ट बांधले पाहिजे. दुसरे असे की, बोलणे हवेत विरते, लिहिलेले शंभर वर्षे राहते. गावची बोली बारा कोसांवर बदलते, ग्रंथाची भाषा मात्र सर्वांना सारखी हवी. आणि तिसरे, शास्त्रातले काही अर्थ बोलीत मावतच नाहीत. 'अध्यास' म्हणजे नुसती चूक नव्हे, 'उपाधि' म्हणजे नुसती कटकट नव्हे. सोपे करण्याच्या नादात खोटे सांगितले जाते.

हे तिन्ही आक्षेप वजनदार आहेत. मी स्वतः चाळीस वर्षे हेच म्हणत आलो. पण ज्या संस्कृताच्या बळावर मी हे म्हणत होतो, ते संस्कृतच माझ्या विरुद्ध साक्ष देते.

व्याकरणशास्त्रात पतंजलींच्या महाभाष्याहून थोर ग्रंथ नाही. त्याला दोन हजार वर्षे होऊन गेली. आता हा व्याकरणाचा मुकुटमणी किती जडजंबाल भाषेत असेल असे आपणास वाटेल. पण उघडून पाहावे, तर ती चक्क बैठक आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो, तिसरा मध्येच अडवतो. वाक्ये लहान लहान. दृष्टान्त मडक्याचे, कुंभाराचे, भाताचे, गाईचे. त्यात सांगितले आहे की, मडके हवे असले तर माणूस कुंभाराकडे जाऊन 'मला मडके करून दे' म्हणतो. पण शब्द वापरायचा असला तर कोणी वैयाकरणाकडे जाऊन 'मला शब्द करून दे' असे म्हणत नाही. शब्द लोकांतच असतात, वैयाकरण फक्त त्यांची व्यवस्था सांगतो.

त्याच महाभाष्यात एका वैयाकरणाची आणि सारथ्याची गोष्ट आहे. वैयाकरण विचारतो, "या रथाचा प्रवेता कोण ?" सारथी म्हणतो, "मी या रथाचा प्राजिता." वैयाकरण नाक मुरडतो : हा अपशब्द झाला ! तेव्हा सारथी त्याला ऐकवतो की, तुम्हाला नियम कोठे लागू पडतो एवढे कळते, पण लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. आणि गंमत ही की, एवढा मोठा भाष्यकार त्या सारथ्याला हसत नाही. त्याचे म्हणणे ग्रंथात नोंदवून ठेवतो. पाठशाळेत ही पंक्ती मी घोकली, परीक्षेत तिच्यावर उत्तर लिहिले. पण त्या गोष्टीत मी स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे हे पाहायला मला पासष्टी गाठावी लागली.

आद्य शंकराचार्यांच्या भाष्याचेही तसेच. वाचस्पतिमिश्रांनी त्यांच्या वाणीचे कौतुक करताना ती प्रसन्न आहे आणि गंभीरही आहे असे म्हटले. प्रसन्न म्हणजे निवळशंख, तळ दिसणारे पाणी. पाणी खोल असले म्हणजे गढूळ असलेच पाहिजे असे नाही. गढूळ पाणी खोल वाटते, एवढेच. गुडघाभर डबक्याचाही तळ दिसला नाही म्हणजे माणूस काठावर बिचकून उभा राहतो. आम्हा लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांची विद्वत्ता अशीच गढूळपणावर चाललेली असते, हे कबूल केलेले बरे. आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ सतराव्या शतकात विजापूरकरांनी नेली. पण शब्दांच्या तोफा मात्र आम्ही शास्त्रीमंडळींनी अजून बुरुजावरून उतरविलेल्या नाहीत!

आता आपल्या घरचे पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशास सिद्ध झाली. माउली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. म्हणजे तो ग्रंथ मुळात बोललेला आहे. म्हणून तर जागोजाग श्रोत्यांशी बोलणे आहे. कोठे विषय लांबला म्हणून त्यांची क्षमा मागणे आहे, कोठे त्यांनी लक्ष द्यावे म्हणून लडिवाळ विनवणी आहे, कोठे निवृत्तिनाथांकडे पाहून थांबणे आहे. पंडितांच्या हिशेबाने ही सगळी भरती. काढून टाकली तरी गीतार्थाला बाध नाही. पण काढून पाहा बरे ! ग्रंथ राहील, माउली उठून जातील.

त्याच शतकाच्या अखेरीस महानुभावांचे लीळाचरित्र झाले. म्हाइंभट हे स्वतः विद्वान गृहस्थ. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांना गाठून त्यांनी त्या गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि लोक बोलत होते त्या मराठीत लिहून ठेवल्या. कोणी एक आठवण निराळी सांगितली तर तीही नोंदली. आज सातशे वर्षांनंतर त्या काळचा माणूस कसा बोलत होता, कसा रुसत होता, हे आपणास त्या पानांतून ऐकू येते. पुढे केशिराजबास नावाच्या पंडित शिष्याने संस्कृतात लिहिण्याचा बेत सांगितला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण काय ? तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील. पंथ आपला नव्हे, आचार निराळा. पण हे कारण ऐकले की हात जोडावेसे वाटतात. 'कोणत्या भाषेत लिहू ?' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी भाषेकडे पाहून दिले नाही. म्हाताऱ्यांकडे पाहून दिले.

आणखी जवळ येऊ. आमच्या परंडा तालुक्यात सीनेच्या काठी डोमगाव आहे. तेथे समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे, समाधी आहे. आम्ही वारकरी, तो रामदासी संप्रदाय; तरी लहानपणापासून आमचे पाय तिकडे वळतात. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. वीस दशक, दोनशे समास. त्याच्या पहिल्याच समासात श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात आहे काय. आणि तेथून उत्तराला आरंभ होतो. म्हणजे हाही बोललेला ग्रंथ. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठाने जपली, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावरून दासबोध छापून लोकांच्या हाती दिला.

याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे कसे असावे, ओळी सरळ कशा याव्यात, समास किती सोडावा, शाई-लेखणी कशी असावी, म्हातारपणी डोळ्यांना दिसेल असे कसे लिहावे, इतके बारीक त्यात सांगितले आहे. हे मी मुद्दाम सांगतो. कारण 'बोलावे तसे लिहा' म्हटले की कित्येकांना वाटते, आता मोकळे झालो, जे तोंडाला येईल ते खरडावे. तसे नाही. समर्थ बोलले सहज, पण कल्याणांनी लिहिले सावधपणे. सहज आणि गबाळे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भाकरी थापणारीचा हात सहज फिरतो. पण त्यामागे वीस वर्षांच्या भाकरी आहेत. सहज लिहिणे म्हणजे पहिल्यांदा सुचेल ते लिहिणे नव्हे. लिहून झाल्यावर आपण जे उगाच चिकटवले ते खरवडून काढणे, हे सहज लिहिणे. आणि परंड्यातच एकोणिसाव्या शतकात हंसराजस्वामी होऊन गेले. 'वेदेश्वरी'सारखा वेदान्ताचा ग्रंथ त्यांनी मराठी ओवीत केला. तेव्हा शास्त्र मराठीत मावत नाही असे म्हणायला निदान आम्हा परंडेकरांना तरी तोंड नाही.

येथपर्यंत मी ग्रंथांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक माझी सांगतो. ही मी कोठल्याही कीर्तनात सांगितलेली नाही.

पाठशाळेतून मी घरी परतलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. डोक्यात लघुकौमुदी, अंगात नवी शाल. शेजारी एक काकू राहत. त्यांचा थोरला मुलगा भिवंडीला मागावर कामाला होता. पौषाच्या थंडीत त्याच्या वडिलांनी अंथरूण धरले. काकू अंतर्देशीय पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. तार केली तर पोरगं घाबरून जाईल, म्हणून पत्रच लिही म्हणाल्या. आणि उभ्या उभ्या त्यांनी मला मजकूर सांगितला : "लिही बाबा, बापाचं काय खरं न्हाई. हातातलं टाक अन् नीघ."

नऊ-दहा शब्द. यांत एक शब्द कमी नव्हता, एक जास्त नव्हता. आणि मी काय लिहिले ? मी लिहिले : "चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष. तीर्थरूपांची प्रकृती सांप्रत अस्वस्थ असून आपल्या दर्शनाची त्यांस उत्कंठा लागून राहिली आहे. तरी सवड काढून आगमन करावे." वर पुन्हा श्लोकार्ध. काकूंना वाचून दाखवले. त्यांना काहीच समजले नाही. पण एवढे छान छान शब्द पोराला जाणार म्हणून त्या माउलीचे डोळे भरून आले. "लई चांगलं लिवलं बाबा," म्हणाल्या.

मुलगा आला तो बारा दिवसांनी. वडील जाऊन तिसरा दिवस होता, अस्थी गोळा करून झाल्या होत्या.

काकूंनी मला गाठले. रागाने नव्हे. फक्त विचारले, "मी सांगितलं तसंच लिवलं हुतंस नव्हं बाबा ?" मी म्हणालो, "होय काकू, तसंच लिहिलं होतं."

सज्जनहो, ते उत्तर मी दिले तेव्हा खोटे बोललो, हे तर उघडच आहे. पण मला आज असे वाटते की खोटे त्या उत्तरापाशी सुरू झाले नाही. ते पत्रातच झाले होते. त्यात एकही शब्द असत्य नव्हता. प्रकृती अस्वस्थ होती, उत्कंठा लागली होती. सगळे खरे ! तरी पत्र खोटे होते. कारण काकूंना पोराला सांगायचे होते की 'बाप चालला', आणि मला पोराला सांगायचे होते की 'मी शिकून आलो'. एका आईच्या निरोपावर बसून मी माझी मिरवणूक काढली.

म्हणून मी म्हणतो की हा शैलीचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. लिहिताना मनात दोन माणसे असू शकतात. एक, ज्याला सांगायचे तो. दुसरा, ज्याने आपल्याला वाखाणावे तो. पहिल्याकडे तोंड केले की भाषा आपोआप बोलायला लागते. दुसऱ्याकडे केले की ती नटायला लागते. आणि पहिला बिचारा दाराशी उभाच राहतो.

हा दोष एकट्या लिहिणाराचा राहत नाही, समाजाचा होतो. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता. दरबारी कामकाज उर्दूत चाले. माझ्या आजोबांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. तो घेऊन ते लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत. पुढे मराठवाडा मोकळा झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ च्या राजभाषा कायद्याने मराठी ही राज्याची भाषा झाली. फार मोठी गोष्ट झाली. मात्र माझे वडील मराठी नोटीस हातात घेऊन पुन्हा त्याच कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसलेले मी पाहिले आहेत. अक्षरे वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. 'उपरोक्त', 'तत्संबंधी', 'विवक्षित मुदतीत कसूर केल्यास'. आजोबांना परक्या भाषेने अडवले, वडिलांना आपल्याच भाषेने. उर्दूचा तेथे दोष नव्हता. ती गोड भाषा आहे. तसा संस्कृत शब्दांचाही दोष नाही. दोष असतो तो ओट्यावर बसणाऱ्याला खाली ठेवण्याचा.

आता मी उलट बाजूचेही सांगतो, नाहीतर निरूपण लंगडे राहील. बोलीतसुद्धा खोटे असते. अलीकडे काही कीर्तनांतून गावरान बोलण्याचा एक धंदा झाला आहे. घरी शुद्ध बोलणारे गृहस्थ व्यासपीठावर चढले की मुद्दाम 'न्हाई' आणि 'हाय' करतात, दोन चावट विनोद करतात, लोक हसले की अभंग सोडून पुढे जातात. ही बोली नव्हे, बोलीचे सोंग होय. मी जडजड शब्दांनी मिरवलो, हे हलक्या शब्दांनी मिरवतात, मिरवणूक तीच. काकू "काय खरं न्हाई" म्हणाल्या ते त्यांचे होते. मी आज तसे लिहिले तर ते उसने होईल. माझी बोली पाठशाळेतून आलेली आहे. तिच्यात 'तद्वत' आणि 'सबब' सहज येतात, ते मी मुद्दाम खुडून काढू नयेत. सहज म्हणजे आपापले. ज्ञानोबांचे सहज निराळे, तुकोबांचे निराळे, जनाबाईंचे निराळे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेचे शिक्षण असे त्यांना नव्हते. लिहिणे-वाचणे लग्नानंतर शिकल्या. पतीने धर्म बदलला, संसार दुभंगला, एवढे दुःख. पण सांगतात कशा? ओसरीवर पाय पसरून शेजारणीला सांगावे तशा. आणि आपली फजिती आधी सांगतात. मला वाटते, खऱ्या सहज लिहिण्याची ही एक खूण धरावी : त्यात लिहिणारा स्वतःला फार जपत नाही.

विनोबांची 'गीताप्रवचने' घ्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने केली. अठरा अध्यायांची अठरा. समोर बंदिवान बसलेले. साने गुरुजी, तेही तेथेच बंदिवान, ती टिपून घेत. विनोबा संस्कृताचे केवढे पंडित ! पण समोरच्या माणसाला धरून बोलले, आणि साने गुरुजींनी बोलणाऱ्याचा आवाज कागदावर मरू दिला नाही. पुढे ते पुस्तक कितीतरी भाषांत गेले. तेव्हा 'बोलीतले बारा कोसांवर बदलते, टिकत नाही' या आक्षेपाचे उत्तर काय द्यावे ? जे एका माणसाला नीट सांगितलेले असते ते सगळ्यांना पोचते. जे सगळ्यांसाठी म्हणून कोणाकडेच न पाहता लिहिलेले असते, ते फळीवर राहते.

आता पूर्वपक्षाच्या बाकी दोन आक्षेपांकडे वळून समारोप करू. कागदाला हात नाहीत, चेहरा नाही, हे अगदी खरे. पण त्यावरून निघते काय ? कीर्तनात समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की मला दिसते. मी तेच पुन्हा दुसऱ्या दृष्टान्ताने सांगतो. लिहिताना ती आठी दिसत नाही. वाचणारा मला 'थांबा महाराज, हे कळलं नाही' असे म्हणू शकत नाही. म्हणजे तो बोलणाऱ्यापुढच्या श्रोत्यापेक्षा अधिक असहाय आहे. मग त्याचा प्रश्न त्याच्या वतीने मीच विचारला पाहिजे, त्याची आठी मीच पाहिली पाहिजे. पतंजलींनी ग्रंथात प्रश्न विचारणारा बसवला तो यासाठीच. माउलींनी श्रोत्यांची विनवणी केली ती यासाठीच. तेव्हा श्रोता समोर नाही म्हणून बोलणे सोडावे, हे अनुमान उलटे आहे. तो समोर नाही म्हणूनच अधिक बोलावे.

राहता राहिला शास्त्रीय शब्दांचा आक्षेप. 'अध्यास' म्हणायचे असेल तर 'अध्यास'च म्हणावे. वैद्य औषधाचे नाव बदलत नाही. पण दिवसातून किती वेळा घ्यायचे, ते समजेल असे सांगतो. दोरीला साप समजून दचकलेला माणूस एकदा दाखवला की 'अध्यास' शब्द म्हातारीलाही जड नाही. शब्द अवघड असणे हा दोष नव्हे. तो टाकून निघून जाणे हा दोष.

म्हणून माझ्यापुरती मी आता एक परीक्षा ठेवली आहे. लिहून झाले की कागद हातात घ्यायचा, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो माणूस समोर बसला आहे असे समजून मोठ्याने वाचायचे. जे वाक्य त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणवत नाही, ते खोडायचे. पुष्कळ खोडावे लागते.

काकू पुढे दहा-बारा वर्षांनी गेल्या. त्यांच्याजवळ मी खरे बोललो नाही. धीर झाला नाही. त्यांचा तो मुलगा भिवंडीचे काम सोडून केव्हाच गावी आला. आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. गेल्या आषाढीला पंढरीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी चालत होता. मुक्कामाला आम्ही एका झाडाखाली बसलो आणि मी त्याला सगळे सांगितले. आईने काय सांगितले होते, मी काय लिहिले, आणि तिला काय उत्तर दिले.

तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाराज, ते पत्र मी खोलीतल्या एका शिकलेल्याकडून वाचून घेतलं होतं. तो म्हणाला, काळजीचं काही दिसत नाही, म्हातारं आठवण काढतंय, सवडीनं जा. पगार झाल्यावर निघावं म्हणून मी थांबलो."

मी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले. म्हणाला, "आता ती दोघं नाहीत. तुम्हाला दोष देऊन काय करू ? पण महाराज, तुम्ही अजून लिहिता. लिहिताना आईनं सांगितलं तसं लिहीत जा."

तेव्हापासून तसा प्रयत्न करतो. हा लेखही मी मोठ्याने वाचून पाहिला आहे. तरी कोठे शाल आडवी आली असेल, तर आपण संतमंडळी उदार आहात, ती बाजूला सारून घ्यावी.

रामकृष्ण हरि.